थेंबाचा उगम

दुसऱ्याच्या कामातील खोट आपल्याला दुरूनही दिसते. स्वतःच्या हातचे काम मात्र नाकाशी धरले तरी निर्दोषच वाटते. हा केवळ अहंकार आहे, की आणखी काही?

आमचे कोल्हापूर हे हाताने शिकणाऱ्यांचे गाव. शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे आणि ऑइल इंजिनांचे कारखाने उभे राहिले; म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचे नाव इथे अजून आदराने घेतात. घरची मोटार घरीच उघडण्याची हौस इथे पुष्कळांना असावी, यात नवल नाही. अशा एखाद्या गृहस्थाने दिवाळीच्या तोंडावर इंजेक्टर काढून साफ केले, परत बसवले, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले, असे समजा. दोन दिवसांनी पत्नी म्हणते, "अहो, पेट्रोलचा वास येतोय." उत्तर तयारच असते, "अगं, परवा उघडलं होतं, थोडा वास राहणारच."

या उत्तरात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे. सांडलेले पेट्रोल लवकर उडून जाते. दोन दिवस टिकणारा वास नव्या थेंबांचा असतो. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. शिवाय ती हवेहून जड, जमिनीलगत पसरते. आणि दिवाळीत जमिनीलगत काय असते? पणती!

जाणता मेस्त्री अशा वेळी आधी मोटार ढकलून उघड्यावर नेतो, इंजिन थंड होऊ देतो, सारे पुसून कोरडे करतो. आग विझवण्याचे साधन जवळ ठेवून तो किल्ली नुसती फिरवतो, इंजिन सुरू करीत नाही. पंप क्षणभर चालतो आणि नळीत हवेच्या दाबाच्या तीन-चार पट दाब चढतो. मग तो विजेरीच्या उजेडात पाहतो. काडी कधीच ओढीत नाही. थेंब पडतो तिथे गळती नसते. ओल जिथे सर्वांत वर दिसते, तिथे ती असते. बहुधा इंजेक्टरची जुनीच रबरी कडी परत बसवलेली असते, किंवा बसवताना ती चिमटलेली असते. कधी मात्र हात लावताना वाकलेली जुनाट नळीच तडकलेली निघते. तिथे हात निमित्त, दोष वयाचा.

मेस्त्री विचारतो, "कुठून?" आपण घरीदारी विचारतो, "कुणामुळे?" हा दुसरा प्रश्न आधी आला, की पहिल्याचे उत्तर कोणी देत नाही. जो तो आपला हात मागे घेतो, आणि थेंब पडतच राहतो.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का? आहे, परंतु ती शिक्षेच्या रूपाने नव्हे, माहितीच्या रूपाने. कोणती नळी सोडवली, कोणती कडी जुनीच ठेवली, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. ते मोकळेपणी सांगणे हीच त्याची पहिली जबाबदारी, आणि ते सांगता येईल असे घर ठेवणे ही इतरांची. हातून चूक होण्यात फारशी नामुष्की नाही. परंतु लाजेपायी गप्प राहून चार माणसांना त्या वासात बसवणे, याला मात्र पाप हाच शब्द आहे.