'कोणीही नाही' या उमेदवाराविरुद्ध

मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं मावशीनं माझ्यापुढे सरकवलं. कोमट पाण्यात सालं सैल झाली होती. दोन बोटांत हलकेच दाबलं की डाळिंबी निसटून बाहेर येते; जोर जरा जास्त झाला की फुटते. फुटलेल्या डाळिंब्या मावशी वेगळ्या वाटीत ठेवते, त्यांची आमटी करते.

"फोनवर म्हणालास, उभं राहू की नको. कशाला उभं राहायचंय?"

"डेबियनच्या प्रमुखपदाला."

रात्री जेवणानंतर मी लॅपटॉपवर काय करत बसतो, ते तिला थोडंफार ठाऊक आहे. इयन मर्डॉक या तरुण विद्यार्थ्यानं 1993 साली सुरू केलेली ही संगणक प्रणाली आज जगभरातले हजारेक डेव्हलपर मिळून सांभाळतात. कुणी मालक नाही, या कामाचा पगार नाही. हे डेव्हलपर दर वर्षी आपल्यातून एक प्रमुख निवडतात. नावं द्यायला एक आठवडा, प्रश्नोत्तरांना तीन, मतदानाला दोन. दोघा सहकाऱ्यांनी मला 'यंदा तू उभा राहा' म्हणून कळवलं होतं आणि नाव द्यायला चार दिवस उरले होते.

"लष्करच्या भाकऱ्या," मावशी म्हणाली, पण कौतुकानं. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची ती बावीस वर्षं कार्यवाह होती. त्या भाकऱ्या तिनंही भाजल्यात. "प्रमुख झालास की तुझं ऐकतील सगळे?"

"ऐकायलाच हवं असं नाही. कुणावरही काम करण्याचं बंधन नाही, असं आमच्या घटनेतच लिहिलंय."

"मग प्रमुख करतो काय?"

"माणसं नेमतो. जमलेला पैसा कशावर खर्चायचा त्याला मंजुरी देतो. जो निर्णय कुणाच्याच वाट्याचा नाही, तो घेतो. पण एखाद्याकडे काम सोपवलं आणि त्यानं निर्णय घेतला, की प्रमुखाला तो फिरवता येत नाही. 'अमुक निर्णय देणार असशील तरच नेमतो', अशी अटही घालता येत नाही."

मावशीचे हात थांबले. "आम्ही पुस्तक निवड समिती नेमायचो. तिच्या यादीवर अध्यक्ष लाल पेन चालवायचे. दोन वर्षांत समितीवर यायला कुणी तयार होईना." तिनं पुन्हा वाल हातात घेतला. "चांगली घटना आहे तुमची. मग अडलंय कुठे?"

अडलं होतं ते असं. नव्या माणसाला आमच्यात यायला फार वेळ लागतो. वाट पाहून कंटाळून परत गेलेली दोन गुणी मुलं मी स्वतः पाहिली आहेत. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं आणि उभं राहावंसं वाटतं तेही त्यासाठीच. घटना मात्र म्हणते की प्रमुखानं निर्णय घेताना स्वतःच्या मताला अवाजवी वजन देऊ नये, सगळ्यांचं जे साधारण एकमत असेल त्याला धरून चालावं. म्हणजे ज्या मतासाठी उभं राहायचं, निवडून आल्यावर तेच आवरायचं. मग मत असलेल्या माणसानं पदाबाहेर राहून भांडणं अधिक प्रामाणिक नाही का?

मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

"मुलांच्या कपाटांची कुलुपं काढायची, एवढं एकच मनात धरून मी कार्यवाह झाले होते," ती म्हणाली. "मुलांनी हात लावून, चाळून पुस्तक घ्यावं. सभासद होते तेव्हा प्रत्येक वार्षिक सभेत मी यावरून भांडायचे. ग्रंथपालबाई आडमुठ्या आहेत असं वाटायचं. कार्यवाह झाल्यावर त्यांच्या शेजारी बसून वर्षाची पुस्तक मोजणी केली, तेव्हा कळलं. गहाळ झालेल्या प्रत्येक पुस्तकाचे पैसे त्यांच्या पगारातून कापले जायचे. कुलूप त्यांनी मुलांना घातलंच नव्हतं."

"मग?"

"आधी तो नियम बदलून घेतला. दीड वर्ष गेलं त्यात. कुलुपं मग त्यांनी आपणहून काढली."

"पण ते सभासद राहूनही करता आलं असतं."

"सभासद म्हणून त्यांच्या शेजारी कधी बसले असते मी? पदावर गेल्यावर ऐकून घेणं भागच पडलं. मत सोडलं नाही रे. पण वाट त्यांच्या टेबलावरून जात होती."

हे मला पटलं, पण पुरतं नाही. मावशीचं वाचनालय दोन खोल्यांचं. समोरासमोर बसता येत होतं. आमची माणसं खंडोखंडी विखुरलेली. प्रमुखानं सहज म्हणून चार ओळी लिहिल्या तरी लोक त्यांत आदेश शोधतात आणि एरवी बोलले असते ते गप्प बसतात. मी तसं म्हणालो.

"मग कमी लिही," ती म्हणाली. "पण उभंच राहायचं नाही, हा त्यावर उपाय आहे का?"

तेव्हा मी तिला 2019 सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी मुदत संपली आणि एकही नाव आलं नव्हतं. अशा वेळी मुदत आठवड्यानं वाढवावी, असं घटनेत आहे. तशी ती वाढवली, मग चार-पाच जण पुढे आले आणि सॅम हार्टमन निवडून आले. पण तो पहिला आठवडा मला अजून टोचतो. मीही गप्प होतो.

"का?"

"माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत असं वाटलं."

"त्या लायक माणसांनाही तेच वाटलं असणार." ती हसली नाही. "आपण बरं आणि आपलं काम बरं, हे ऐकायला फार सोज्वळ लागतं. वाचनालयाच्या सभेत सगळे चपलांकडे बघायचे आणि शेवटी जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या गळ्यात पडायचं. त्याला आम्ही बिनविरोध निवड म्हणायचो आणि टाळ्या वाजवायचो."

"आमच्यात बिनविरोध होताच येत नाही."

हे तिला नवीन होतं. मी समजावलं. आमच्या मतपत्रिकेवर नावांसमोर पसंतीचे क्रमांक घालायचे आणि त्यांत 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही पर्याय असतो. मोजताना प्रत्येक जोडी वेगळी लावून बघतात, अमक्यापेक्षा तमका किती जणांना हवा. 'कोणीही नाही'शी लावलेल्या जोडीत जो हरतो, तो बाद. 2023 साली जोनाथन कार्टर एकटेच उभे होते, तरी मतदान झालं आणि त्यांना 'कोणीही नाही'ला हरवावं लागलं.

"नोटा आपल्याकडेही आहे."

"आहे. पण विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली, तरी उमेदवारांतला पुढचाच निवडून येतो."

मावशीनं मान हलवली. "म्हणजे तुला कुणी गळ्यात घालू शकत नाही. लोकांना तू नको असशील तर ते सरळ सांगू शकतात. मग भीती कसली, हरण्याची?"

थोडी ती होतीच. पण केरळच्या श्रुती चंद्रन 2020 साली उभ्या राहिल्या, निवडून आल्या नाहीत; 2021 साली पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हाही नाही; 2024 साली पुन्हा उभ्या राहिल्या. आमच्यात बायका इतक्या कमी का, हा प्रश्न त्यांनी निवडणुकीच्या चर्चेत आणून ठेवला. तीन वेळा हरण्यात त्यांचं काय कमी झालं, ते मला सांगता येणार नाही. आमच्या पदरात मात्र काहीतरी पडलं.

"आता खरं अडलेलं सांग," मावशी म्हणाली.

"माझी पॅकेजं, म्हणजे प्रणालीतले मी सांभाळतो ते प्रोग्राम. चार आहेत, लहानच. प्रमुखाचं वर्ष पत्रं लिहिण्यात, माणसांत समेट घडवण्यात जातं. ती पोरकी होतील." मग सांगावं लागलं की हा माझा अलंकार नव्हे, आमच्याकडचा शब्दच तो. सांभाळणारा गेला की पॅकेज पोरकं होतं, दुसऱ्या कुणी घेतलं की ते दत्तक गेलं म्हणतात.

"पोरकं होण्याआधी दत्तक देता येत नाही?"

"येतं. तशी नोंद टाकायची असते."

"मग ती टाक आधी. उभा राहिलास तरी, नाही राहिलास तरी."

पातेल्यात आता फक्त सालं उरली होती. मावशी फोडणीला लागली, मी हात पुसून लॅपटॉप उघडला. पहिल्या पॅकेजची नोंद पाच मिनिटांत झाली. दुसऱ्यापाशी अडलो. नव्या माणसाला कुठे ठेच लागेल ते लिहू गेलो, तर एक कलम झालं, मग दुसरं, मग सात. एका विशिष्ट क्रमानंच बांधावं लागतं ते पॅकेज, आणि तो क्रम गेली अकरा वर्षं फक्त माझ्या डोक्यात होता. आतून मावशीनं पान वाढल्याचं सांगितलं तेव्हा मी आठवं कलम लिहीत होतो.