दोन चंडोल

सोलापूरच्या उत्तरेस नान्नजच्या माळावर विणीच्या हंगामात एक तुरेवाला पक्षी गात गात आकाशात चढतो. हा साइक्सचा चंडोल. आपल्या गाण्यात तो इतर पक्ष्यांचे आवाजही गुंफतो. सह्याद्रीच्या बाजूला गेले, की तसाच तुरा, तसाच मातकट रंग असलेला मलबारी चंडोल भेटतो. पहिला किंचित लहान, पोट तांबूस, छातीवर मोजक्या बारीक रेघा. दुसऱ्याच्या छातीवरील रेघा ठसठशीत. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांमध्ये पहिल्याचे वर्णन केले. ‘गॅलेरिडा देवा’ या त्याच्या शास्त्रीय नावात आपला ‘देव’ शब्द आजही आहे.

धर्मग्रामातील एका तरुणाने मला एकदा विचारले, “फादर, चंडोल तो चंडोल. इतका भेद कशाला करायचा? आपण तर सर्व समान म्हणतो.”

प्रश्न रास्त होता. पण भेद ओळखणे वेगळे आणि भेदभाव करणे वेगळे. भेदभाव करणारा नीट पाहतच नाही. ‘ती माणसे सगळी सारखीच’ असे म्हणून तो मोकळा होतो. प्रेम मात्र थांबते, निरखते, नाव विचारते. जुळ्या लेकरांना शेजारी चुकून हाक मारतात. आई पावलांच्या आवाजावरून ओळखते.

न ओळखण्याची किंमतही मोठी असते. माळाला आपण सहज ‘पडीक’ म्हणतो. तो नांगरला किंवा तेथे झाडांची दाटी केली, तर जमिनीवर घरटे करणारा हा चंडोल घाटात बिऱ्हाड हलवणार नाही. त्याला कोरडी, उघडी, खुरट्या गवताची भूमीच हवी. ‘घाटात चंडोल आहेतच की’ हे समाधान खोटे आहे. एकाच्या असण्याने दुसऱ्याचे नसणे भरून निघत नाही.

प्रभू येशूने चिमण्यांचा बाजारभाव सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन, तर लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट! व्यापाऱ्याने वर टाकलेल्या त्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही, हे त्या वचनाचे मर्म.

आपल्या घरात, वाड्यात, मंदिराच्या शेवटच्या बाकावर अशी पाचवी चिमणी कोण आहे? तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? या रविवारी मिस्सा संपल्यावर एवढे तरी विचारून घरी जाऊ या.