वाण वेगळा, जात तीच

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या माळावर हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही चौघे एकाच हरणाकडे बघत उभे होतो. कळपातल्या माद्या नेहमीसारख्या वाळल्या गवताच्या रंगाच्या. त्यांच्यापासून जरा फटकून एक नर चरत होता. त्याच्या खांद्यावर आणि कुशीवर काळसर छटा चढलेली, पाठीचा काही भाग मात्र तांबूसच, आणि मानेवर दोन्ही रंग एकमेकांत शिरलेले. एक मित्र म्हणाला, संकर असणार. दुसऱ्याला काही रोगाची शंका आली. तिसरा फोनवर फोटो मोठा करून करून बघत होता. बांधावर शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा उभे होते, त्यांना मी विचारलं, "बाबा, हे कुठलं हरीण?"

"काळवीटच की, भाऊ. अजून कच्चं हाय. शिंगाचा पीळ बघा ना. रंगाचं काय, दोन साल थांबा, काजळावानी हुईल."

आम्ही चौघांनी रंग बघितला होता. बाबांनी पीळ बघितला होता. गेली काही वर्षं रानात वेगळ्या रंगाचं काही दिसलं की मला हा फरक आठवतो, आणि तो नुसता प्राणी ओळखण्यापुरता नाही असं वाटत राहतं.

रेहेकुरीचं अभयारण्य 1980 सालचं. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. बाभूळ, हिवर, बोर, तरवड आणि मधेमधे मोकळं गवत. तिथला प्रत्येक काळवीट नर जन्मतो तो आईच्या रंगाचा. पुढे दोन-तीन वर्षांत शिंगांना पीळ पडत जातो, तसतसा अंगावर काळेपणा चढत जातो. डोळ्यांभोवतीचं पांढरं कडं, हनुवटी आणि पोट तेवढं पांढरं राहतं. आपला टापू राखून असलेला भरातला नर सगळ्यांत काळा. हंगाम सरला की त्याचाही काळेपणा उतरतो. म्हणजे ज्याच्या नावातच काळा रंग आहे, तो प्राणीही वर्षभर आणि जन्मभर काळा नसतो. मधल्या अवस्थेतला नर पाहिला की शहरातून आलेल्या माणसाला नवीनच काही सापडल्याचा भास होतो. शेळ्या राखणाऱ्याला ते कालचंच पाडस दिसतं, थोडं मोठं झालेलं.

मराठीत 'वाण' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. तो 'वर्ण'पासून आला, म्हणून त्याचा अर्थ रंग. पण ज्वारीचा वाण, कापसाचा वाण म्हणताना आपल्याला प्रकार अभिप्रेत असतो. एकाच शब्दात रंग आणि जात दोन्ही बसली, आणि आपल्या डोळ्यांनाही तीच सवय लागली. रंग बदलला की जात बदलली असं वाटतं. गंमत अशी की ज्यांनी ही भाषा घडवली त्या शेतकऱ्यांचा स्वतःचा व्यवहार मात्र याच्या उलट आहे. गोठ्यात ढवळा असतो, पवळा असतो, बांडा असतो, खैरा असतो. घोड्यात अबलख असतो, पंचकल्याणी असतो. बांडी गाय ही कुणी गायीहून वेगळी जात मानत नाही. उलट तो रंग म्हणजे त्या एका जनावराची खूण, हजार गुरांत आपलं जनावर ओळखायची सोय. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण रचणाऱ्याला वाण ही वरवरची गोष्ट आहे हे पक्कं ठाऊक होतं. गुराख्याची ही नजर रानात नेता आली, तर निम्म्या शंका जागच्या जागी मिटतात.

सांबराचंच घ्या. सांबराचा जून नर इतका गडद होतो की सावलीत तो काळाच दिसतो. त्यात माजावर आलेले नर चिखलात लोळतात. असा चिखलाने माखलेला, ओला नर पाणवठ्यावरून उठला की 'काळं सांबर' दिसल्याची बातमी होते. सांबराच्या गळ्यावर कधीकधी केस गेलेला, रक्ताळल्यासारखा चट्टा दिसतो. पाहणारा हळहळतो, जखम समजतो. पण तो चट्टा सांबरांमध्ये ठरावीक काळात दिसणाराच असतो. रोह्याचा नर निळसर करडा आणि मादी पिवळट तपकिरी, त्यामुळे दोघं वेगवेगळे दिसले तर ते एकाच संसारातले आहेत हे नवख्याला पटत नाही. चितळाच्या अंगावर तिरपं ऊन पडलं की ते अक्षरशः सोन्याचं होतं, आणि ढग आला की पुन्हा विटकरी. कॅमेऱ्यात प्रकाश जरा जास्त घेतला गेला तर फिकट चितळ 'पांढरं' होऊन घरी येतं.

म्हणून रंगाआधी बाकीचं सगळं बघायचं. पहिली गोष्ट शिंगं. आपण हरीण म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं आहेत. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, येताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगं आयुष्यभर तीच राहतात. मग कानांची लांबी, शेपटी, मानेची ठेवण, उभं राहायची आणि पळायची तऱ्हा. काळवीट घाबरलं की हवेत उंच उड्या घेत जातं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते कुणाबरोबर आहे. पांढरं जनावर चितळांच्या कळपात निवांत चरत असेल, तर बहुतेक वेळा ते चितळच असतं.

इंग्लंडमध्ये हा धडा रोज डोळ्यांसमोर असतो. तिथल्या फॅलो हरणांचे कळप नॉर्मन राजवटीबरोबर आले आणि पार्कांत, रानांत पसरले. त्यांच्यात चार रंग सर्रास आढळतात: ठिपक्यांचा तपकिरी, त्याहून फिकट ठिपक्यांचा मेनिल, जवळजवळ काळा आणि पांढरा. चारही रंगांची जनावरं एकाच कळपात एकत्र असू शकतात. पांढऱ्याचे डोळे काळेच असतात, आणि त्याचं पिल्लू जन्मतः पांढरं नसतं, वाळूच्या रंगाचं असतं, पुढे पांढरं होत जातं. तपकिरी फॅलोचे ठिपके हिवाळ्यात जवळपास नाहीसे होतात, मेनिलचे राहतात. लंडनला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी रिचमंड पार्कात फिरताना हे जरूर बघावं. एका जनावराला दोन ऋतूंत बघितलं की डोळ्यांचा खूप हट्ट सुटतो.

तरीही खरोखरच वेगळं जन्मलेलं हरीण असतं. केसांचा, कातडीचा, डोळ्यांचा रंग मेलॅनिनमुळे येतो. ते अजिबात तयार होत नसेल तर प्राणी अल्बिनो असतो: केस पांढरे, नाकपुडी आणि खूर गुलाबीसर, डोळे गुलाबी किंवा अगदी फिकट. अशा डोळ्यांना ऊन सोसत नाही आणि नजरही कमी असते. ल्युसिस्टिक प्राण्यात केस पांढरे, पण डोळे नेहमीचे काळेभोर. काहींच्या अंगावर पांढरे धब्बे उमटतात, गावच्या भाषेत बांडी. उलट मेलॅनिन जास्त असेल तर जनावर काळपट. म्हणून दुर्बीण लावल्यावर पहिल्यांदा डोळ्याचा रंग बघावा, मग नाक, मग खूर. पांढरेपणा बहुतेक वेळा अप्रभावी जनुकातून येतो, म्हणजे आई आणि बाप दोघंही दिसायला साधेच, पण दोघांनीही तो न दिसता वाहिलेला. तेव्हा कळपातलं एकुलतं पांढरं पाडस पाहताना त्याच्याभोवतीच्या तांबूस जनावरांतही तो पांढरा वाण लपलेला आहे, हे विसरू नये.

त्या पाडसाचं पुढे काय होतं याचा विचार केला की मला त्याचं कौतुक करवत नाही. काळविटाची किंवा चितळाची आई पहिले काही दिवस पिल्लाला गवतात निजवून ठेवते. ते हलत नाही, आवाज करत नाही, आणि त्याचा रंग गवतात मिसळून जातो. त्याचं सगळं संरक्षण एवढंच. पांढरं पिल्लूही तितकंच निश्चल पडून राहतं. त्याला आपला रंग ठाऊक नसतो. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. वाघाचा भगवा रंगही त्याला झाडीच्या हिरव्यात मिसळलेला दिसतो. ज्या रंगासाठी आपण गाड्या थांबवतो तो हरणांच्या जगात आपल्याइतका नाहीच. पण माळावरचा लांडगा, आकाशातला गरुड आणि आपण, या तिघांनाही उजळ पांढरा ठिपका लांबून दिसतो.

अशा जनावरावर माणसाची मर्जी बसली की काय होतं, याची दोन उदाहरणं माझ्या मनात बरोबरच येतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सेनेका इथे 1941 साली लष्कराने दारूगोळ्याच्या कोठारासाठी साडेदहा हजार एकरांहून जास्त जागेला कुंपण घातलं. आतली शेपटीखाली पांढरी असणारी साधी हरणं आतच अडकली. त्यांच्यात काही ल्युसिस्टिक निघाली, आणि सैनिकांनी पांढऱ्यांना मारायचं नाही असं ठरवलं. कुंपणाच्या आत पांढऱ्या हरणांची संख्या शंभराच्या पुढे गेली. कुंपणाबाहेर तशी क्वचितच दिसतात. दुसरं उदाहरण आपल्याकडचं. 1951 साली रेवाच्या महाराजांनी वाघाचा एक पांढरा बछडा धरला, त्याचं नाव मोहन. पांढरा वाण टिकावा म्हणून त्याची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली गेली, आणि 1958 साली पांढरे बछडे झाले. पुढच्या पिढ्याही अशाच जवळच्या नात्यांत वाढवल्या, आणि त्यांच्यात तिरळेपणा व इतर दुबळेपणाही आले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत लोक त्यांना बघायला गर्दी करतात. माझं स्पष्ट मत आहे की हे प्रेम नव्हे. कौतुक रंगाचं झालं, किंमत वाघाने मोजली.

वाल्मीकी रामायणात सोन्याचं हरीण पर्णकुटीसमोर येतं तेव्हा सीता मोहात पडते, राम उठतो, आणि लक्ष्मण एकटा म्हणतो की असं हरीण या पृथ्वीवर नसतं, हा मारीच आहे. लहानपणी मला लक्ष्मण संशयी वाटे. आता वाटतं, त्याला खरी हरणं माहीत होती, म्हणून खोटं ओळखू आलं. नाशिकला पंचवटीत गेलो की मला तोच आठवतो.

साध्या हरणाशी आपली ओळखच राहिली नसेल तर पांढऱ्याचं काय कळणार? आणि साधं हरीण ज्या माळावर राहतं, त्या माळाला आपण कागदोपत्री 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायला, खाणी काढायला, प्लॉट पाडायला मोकळीक. गवत हीच त्या जमिनीची संपत्ती आहे, हे रेहेकुरीच्या बाबांना सांगावं लागत नाही. पांढऱ्या काळविटाचा फोटो हजारो लोक बघतील, पण ते उभं असलेल्या गवताकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

तेव्हा तुम्हाला कधी असं हरीण दिसलं, तर गाडीतच थांबा आणि इंजिन बंद करा. शिंगं बघा, शेपटी बघा, डोळ्याचा रंग बघा, ते कुणाबरोबर आहे ते बघा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. जवळच्या वनरक्षकाला नीट सगळं सांगा. मोबाइलवर मात्र त्या जागेचं नाव टाकू नका, आणि फोटो पाठवलाच तर त्यातून ठिकाण कळणार नाही याची काळजी घ्या.