खाडीची क्षमा आणि माणसाचे कर्तव्य

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री ही पश्चिमवाहिनी होय. पोलादपूर, महाड असा प्रवास करीत ती हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान सागरास मिळते. डोंगर, शेते, गावे व कारखाने यांच्या परिसरातून जे वाहत येते, ते तिची खाडी पोटात घेते. ‘वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, मग माणसाने चिंता का करावी?’ असे अनेकजण विचारतात. या प्रश्नाचा विचार व्हावयास हवा.

खाडीचे सामर्थ्य खरे आहे. गोड्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्याशी मिसळताच एकत्र येतात आणि बरीचशी अशुद्धी घेऊन तळाशी बसतात. पाण्यातील जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने मैल्याचे विघटन करतात. प्राणवायूविरहित चिखलातील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. तिवरांची मुळे प्रवाह मंद करून गाळ धरून ठेवतात.

परंतु या सामर्थ्यास मर्यादा आहे. मैला अतोनात झाला की प्राणवायू संपतो व मासळी गुदमरते. पारा, शिसे, कॅडमियम हे धातू तर कोणत्याही जीवाणूस नष्ट करता येत नाहीत. ते पाण्यातून चिखलात जातात, इतकेच. वरचे पाणी नितळ दिसते, तळाशी मात्र दोष वज्रलेप होऊन राहतो आणि गाळ ढवळताच पुन्हा वर येऊ शकतो. जपानमधील मिनामाता उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीवाटे माणसांच्या शरीरात गेला. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. पाराबाधित गाळ उपसून बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. दोष करणारा एक आणि तो सोसणारा दुसराच, अशी ही स्थिती आहे. वर घाण सोडणाऱ्यास खाडी क्षमा करते असे वाटते. पण त्या क्षमेचे मोल खाली चिखलातील कालवे, तिसऱ्या आणि त्यांवर पोट भरणारी माणसे देतात. दुसऱ्याच्या सोसण्यावर उभी राहिलेली शुद्धी ही शुद्धी नव्हे.

निसर्गाच्या दानाचा स्वीकार करणे गैर नाही. त्याच्या मर्यादेचा विसर पडणे गैर आहे. जे पाण्यास पचते तेही मापात द्यावे, जे पचत नाही ते देऊच नये. तीर्थास येणाऱ्या प्रत्येक भाविकाने एवढा विवेक बाळगला, तर खाडीचे पावित्र्य तळापर्यंत टिकेल.