रिंगणातला तारपा, क्लबमधला ब्लूज

तारपा हे पालघर जिल्ह्यातील वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजांचे फुंकवाद्य. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, त्यांत बांबूच्याच पातळ पत्त्या असतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात आणि सांधे मेणाने बुजवतात. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत वादक सूर अखंड ठेवतो. भातकापणीच्या हंगामात रात्री तो मधोमध उभा राहतो आणि एकमेकांच्या कमरेला धरलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. चाल बदलली की पावले बदलतात. पावले रेंगाळली की वादकच चाल बदलतो. तो वळेल तशी साखळी वळते. नुसते बघणारे काठावर असतात खरे, पण वाजवणे त्यांच्यासाठी नसते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे हे रिंगण जगाला परिचित झाले. चित्रात अर्थातच ते मूक आहे.

अमेरिकेतील ब्लूज संगीताचा जन्मही नाचणाऱ्यांमध्येच झाला. मिसिसिपी डेल्टातील कापूसमळ्यांच्या कडेला लाकडी खोपट्यांत शनिवारच्या रात्री दारू, जुगार आणि नाच चाले. अशा खोपट्याला ज्यूक जॉइंट म्हणत. तिथे गायक एक ओळ म्हणे, तीच पुन्हा म्हणे, मग तिसरीने तिला उत्तर देई. प्रत्येक ओळीनंतरची मोकळी जागा गिटार भरत असे. बारा मात्रागटांचे हे आवर्तन कितीही वेळा फिरवता येते, म्हणून गाणे किती लांबवायचे ते पायांवर ठरे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच मावत. आज ‘मूळ’ समजली जाणारी बरीच जुनी गाणी म्हणजे या मापात बसवलेले तुकडे आहेत.

ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीहून शिकागोला गेले. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतील गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून वीज आली. ब्लूजचा प्रसिद्ध ‘कडक’ आवाज असा जागेच्या अडचणीतून घडला. पुढे टेबले मांडली गेली, तिकिटे लागली आणि नाचणारे बसले. छोट्या क्लबात वादकाच्या बोटांवरचा घाम दिसतो, याचे कौतुक फार होते. जवळून दिसणे ही दुय्यम गोष्ट आहे. खरा फरक असा की मोजक्या लोकांची दाद किंवा कंटाळा वादकाला तत्काळ कळतो आणि आवर्तन लांबते किंवा आटोपते. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील ब्लू फ्रॉग क्लबात 2007 ते 2016 या काळात असे ऐकता येई. 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला आणि ब्लूज गिटारवादक बडी गाय तिथे आले. महोत्सवात कलाकार मोठे मिळतात, पण कार्यक्रमाची वेळ आधीच बांधलेली असते.

मळ्यावरची गुलामी आणि जंगलपट्टीतील वेठबिगार यांची सांगड घालून तारप्याला ‘वारल्यांचा ब्लूज’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. ब्लूजमध्ये एकट्या माणसाची कैफियत शब्दांत मांडलेली असते. तारप्याच्या तोंडी शब्दच नाहीत, आणि त्याचा संबंध पिकाशी व देवांशी आहे. साम्य वादक आणि नाचणारे यांच्या नात्यात आहे, दुःखात नाही.

या नात्याला धक्का दोन ठिकाणी बसतो. पहिला कामाच्या वेळेचा. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणाला रात्रभर नाचणे परवडत नाही. दुसरा मंचाचा. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान उशिरा आलेला, पण रास्त आहे. मात्र सन्मानासोबत सभागृहे येतात आणि सभागृहात तारप्याच्या कर्ण्यापुढे उभा माइक ठेवतात. वादक माइकसमोर जखडला की त्याला वळता येत नाही, आणि प्रेक्षकांना दिसावे म्हणून रिंगणही उघडून अर्धवर्तुळ होते. मग पावलांचा इशारा वादकापर्यंत पोचत नाही.

ब्लूजवाल्यांना ही अडचण फार पूर्वी आली होती. न्यू ऑर्लिन्सचा गिटार स्लिम 1950च्या दशकात लांबलचक वायर जोडून श्रोत्यांमधून थेट रस्त्यावर जाई. बडी गाय यांनी ती युक्ती उचलली आणि शिकागोच्या क्लबांत वर्षानुवर्षे वापरली. कर्ण्याच्या कडेला अडकवता येणारा छोटा बिनतारी माइक आज सहज मिळतो. तो लावून खुर्च्या रिंगणाभोवती मांडल्या, तर सभागृहातही वादकाला वळता येईल. कार्यक्रमाच्या वेळेचे बंधन मात्र त्याने सुटणार नाही, ते आयोजकांनाच सैल करावे लागेल.