इंगितज्ञान आणि नीति

पत्त्यांच्या फडांत बसलेल्या मनुष्याजवळ दोन प्रकारचीं पानें असतात. पहिलीं त्याच्या हातांत असून तीं तो स्वतः पाहतो व इतरांपासून लपवितो. दुसरें पान म्हणजे त्याचा चेहरा. तो इतर पाहतात, आणि त्याला स्वतःला मात्र दिसत नाहीं. डाव कोण जिंकणार हें पहिल्या पानांवर ठरतें. परंतु कोणीं किती गमवावें हें पुष्कळदां दुसऱ्यावरच ठरतें. प्रतिस्पर्ध्याच्या पापणीची उघडझांप, सुपारी चघळतां चघळतां थांबलेला जबडा, पैसे पुढें सारणाऱ्या बोटांची घाई, यांवरून त्याच्या मनांतलें ओळखून त्याच्यावर मात करणें नीतीस धरून आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. जुगार मुळांतच निंद्य, मग त्यांतील नीति-अनीतीचा कीस काढण्यांत काय हंशील, असेंही कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न फडांत उत्पन्न होत असला तरी तेथेंच राहत नाहीं. तो आपल्या पाठोपाठ बाजारांत, कचेरींत आणि घरांतही येतो. म्हणून त्याचा विचार करणें अवश्य आहे.

आमच्या वऱ्हाडांत पोळा जवळ आला म्हणजे पुष्कळ गांवांतून फड बसूं लागतात. खेळ बहुधा तीनपत्तीचा. पोकर या विलायती खेळाशीं त्याचें जवळचें नातें आहे. १९६७ सालीं आंध्र प्रदेशांतील एका खटल्याचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें रमीला कौशल्याचा खेळ मानलें, कारण तींत पडलेलीं पानें लक्षांत ठेवावीं लागतात. तीनपत्तीला मात्र केवळ नशिबाचा खेळ म्हटलें. कायद्याच्या दृष्टीनें तें योग्य असेल. पण ज्यानें एक रात्र फडांत काढली आहे त्याला ठाऊक असतें कीं, नशीब पानें वांटून मोकळें होतें. पुढचें काम माणसें एकमेकांचीं तोंडें पाहून करतात.

अशा रीतीनें दुसऱ्याचें तोंड वाचणें ही एक प्रकारची चोरीच होय, असा आक्षेप घेतां येईल. तो मला टिकणारा वाटत नाहीं. चोरींत मालकाची संमति नसते. फडांत बसणारा प्रत्येकजण आपलें तोंड उघडें ठेवूनच बसतो, आणि इतरांचीं तोंडें पाहण्याचा अधिकार तोही बजावीत असतो. खुणेच्या पानांनीं खेळणारा लबाड होय, कारण सर्वांनीं मान्य केलेला नियम तो मोडतो. तोंड पाहणारा कोणताच नियम मोडीत नाहीं. त्याचप्रमाणें निर्विकार मुद्रेनें बसणाराही खोटारडा ठरत नाहीं. मौन आणि असत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेथें मनांतलें सांगण्याचें वचन कोणीं दिलेंच नाहीं तेथें वचनभंगही संभवत नाहीं. खेळ जोंपर्यंत खेळ आहे, तोंपर्यंत त्यांतील इंगितज्ञान निर्दोष आहे, इतकें मान्य करण्यास हरकत नसावी.

परंतु हें ज्ञान कितपत विश्वसनीय आहे? भरताच्या नाट्यशास्त्रांत स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. मन एकाग्र झाल्याखेरीज ते उत्पन्न होत नाहींत. हंसूं उसनें आणतां येतें, घाम उसना आणतां येत नाहीं, असा याचा मथितार्थ. डार्विननेंही १८७२ सालीं भावनांच्या आविष्कारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अलीकडील संशोधन मात्र आपल्या अभिमानाला खालीं आणणारें आहे. बाँड आणि डीपॉलो यांनीं २००६ सालीं दोनशेंहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. तेव्हां खरें आणि खोटें ओळखण्यांत मनुष्य शंभरांत सुमारें ५४ वेळां बरोबर ठरतो असें दिसलें. नाणें उडविलें असतें तरी ५० वेळां बरोबर आलें असतें! पुढें २०१३ सालीं स्लेपियन व त्याचे सहकारी यांनीं पोकरच्या निष्णात खेळाडूंचीं चलच्चित्रें लोकांस दाखविलीं. ज्यांना केवळ चेहरे दाखविले त्यांना पानांची प्रत ओळखतां आली नाहीं. ज्यांना केवळ पण पुढें सारणारे हात दाखविले त्यांना ती अदमासाहून अधिक बरोबर ओळखतां आली. चेहऱ्यावर पहारा बसविणारा मनुष्य हातावर पहारा बसवावयास विसरतो, असें दिसतें.

यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. फडांत दुसऱ्याचें मन चुकीचें वाचलें तर दंड वाचणाराच भरतो, म्हणून तेथें ही विद्या चालते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजानें वादी-प्रतिवादींचें अंतरंग स्वर, वर्ण, इंगित आणि नेत्र यांवरून ओळखावें असें सांगितलें आहे. पण तेथें चुकीचा दंड दुसरा भरतो. भयानें सुटलेला घाम आणि अपराधानें सुटलेला घाम यांचा रंग एकच असतो.

आतां बाजाराकडे येऊं. व्यापाराच्या जुन्या पद्धतींत हत्ता म्हणून एक प्रकार आहे. घेणारा आणि दलाल रुमालाखालीं किंवा उपरण्याखालीं हात घालतात, एकमेकांचीं बोटें धरतात, आणि आकडा ठरतो. भोंवतालच्या लोकांस कांहींच कळत नाहीं. गुरांच्या बाजारांत मीं हा प्रकार लहानपणीं पाहिला. माझे वडील अकोला जिल्ह्यांतले कोरडवाहू शेतकरी. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना ते एक बैल विकावयास गेले आणि मी त्यांच्याबरोबर होतों. घरांत दुखणें होतें. पैसे त्याच दिवशीं हवे होते. वडील बोलत कांहींच नव्हते, पण त्यांचा हात वरचेवर बैलाच्या मानेवर जाई आणि नजर कलत्या सूर्याकडे. दलालानें बैलाचे दांत एकदां पाहिले आणि वडिलांचें तोंड तीनदां. मग उपरणें पसरलें गेलें. वडिलांचा हात त्याखालीं बराच वेळ राहिला, आणि बाहेर आला तेव्हां दावें दुसऱ्याच्या हातांत गेलें होतें. किती मिळाले हें त्यांनीं मला कधींच सांगितलें नाहीं. मींही विचारलें नाहीं.

येथें नियम कोणता मोडला? कोणताच नाहीं. तरीही फडांतील वाचन आणि हें वाचन एक नव्हे. फडांत आपण दुसऱ्याजवळ काय आहे तें वाचतों. त्या दिवशीं माझ्या वडिलांजवळ काय नाहीं तें वाचलें गेलें. दलालाला उठून दुसऱ्या बैलाकडे जातां येत होतें, वडिलांना दुसऱ्या दिवसाकडे जातां येत नव्हतें. जेथें एका पक्षास उठण्याची मोकळीक नाहीं तेथें त्याची संमति नांवाचीच असते, आणि संमतीवर उभारलेलें आमचें वरचें समर्थन तेथें कोसळतें. १८८६ सालीं कारंज्यास कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२८ सालीं शाही कृषि आयोगानें अशा बाजारांची शिफारस केली, आणि १९६३ सालीं महाराष्ट्रांत कृषि उत्पन्न बाजाराचा अधिनियम आला. या सर्व खटाटोपाचा नैतिक अर्थ मला असा दिसतो कीं, भाव मालावर ठरावा, विकणाऱ्याच्या मुद्रेवर ठरूं नये. तोंड वाचणें कोणत्याही कायद्यानें बंद होणार नाहीं. त्यावरून किंमत ठरणें मात्र उघड लिलावानें पुष्कळ कमी होतें.

हें सर्व पटलेलें असतांही एकदां मी स्वतः चुकलों. नोकरीनिमित्त अमरावतीस असतांना पोळ्याच्या सुमारास आम्ही कांहीं स्नेही खेळत होतों. त्यांतील एकास, पानें हलकीं आलीं म्हणजे त्यांच्या कडा जुळवीत बसण्याची संवय होती. ती ओळखून मीं दोन रात्री जिंकलों, आणि त्याबद्दल मला आजही खेद नाहीं. तिसऱ्या रात्रीं त्यानें कडा जुळविल्या, मग खिशाला हात लावला, आणि दाराकडे पाहिलें. ती नजर मला ओळखीची होती. तरीही मीं चाल दुप्पट केली. त्यानें पानें खालीं ठेवलीं आणि हंसून तो घरीं गेला. रक्कम फार नव्हती; परंतु त्या क्षणीं फड संपून बाजार सुरू झाला होता, हें त्या खोलींत एकट्या मला कळलें होतें, आणि म्हणूनच दोष एकट्या माझा होता. ज्याला कळलें नाहीं तो निरपराध. ज्याला कळलें त्याच्यावर तें कळण्याचें ऋण बसतें.

अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे. परंपरा त्यालाच विदर्भाची राजधानी कुंडिनपूर मानते. महाभारतांतील कथेप्रमाणें दमयंतीच्या स्वयंवरांत नळाचें रूप घेऊन चार देव बसले. तिनें पाहिलें कीं चौघांस घाम नाहीं, पापणी लवत नाहीं, पाय भूमीस लागत नाहींत. पांचव्याची माला कोमेजली आहे, अंगावर धूळ आहे, छाया पडली आहे. देहाचीं जीं चिन्हें जुगारी दुसऱ्याचें वैगुण्य म्हणून टिपतो, त्यांच्याच आधारें तिनें आपला मनुष्य ओळखला, आणि ओळखून त्याला वरलें. पुढें तोच नळ फांशांत राज्य हरला. विरूप होऊन तो बाहुक या नांवानें विदर्भांत आला, तेव्हां स्वतःचीं मुलें पाहून त्याला आंवरेनासे झालेले अश्रु दमयंतीच्या दासीनें पाहिले. वाचन तेंच, पण तें हरलेल्यास परत आणण्याकरितां होतें.

त्याच वाटेवर ऋतुपर्णाकडून नळास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, मिळालें होतें. तें घेऊन त्यानें पुष्करापासून राज्य परत जिंकलें. तेव्हां सर्वस्व गमावलेला भाऊ त्याच्यासमोर उभा होता, आणि हरणाऱ्याची मुद्रा कशी असते हें नळाला कोणीं शिकवावयास नको होतें. त्यानें पुष्करास जीवदान दिलें आणि त्याचा वांटा देऊन त्याला परत पाठविलें. माझा स्नेही दाराकडे पाहत होता, तेव्हां मला एवढेंच करतां आलें असतें कीं आपलीं पानें मिटून म्हणावें, रात्र फार झाली, आतां उठूं.