ग्रामसभा गेल्यावर

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या दिवशी ग्रामसभा, हे खेड्यात ठरलेलंच. तिथे भांडणं होतात, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, कधी सह्या मागाहून घरोघर फिरवतात, हे सगळं मान्य. तरी गावातल्या कुणाही मतदाराला उभं राहून ‘आमच्या गल्लीची गटार कधी करणार?’ असं सरपंचाला तोंडावर विचारता येतं. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात २०१५ साली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. १७ प्रभाग झाले, मुख्याधिकारी आले आणि ग्रामसभा गेली. आता सभेत बोलायचं ते नगरसेवकांनी. नागरिकानं निवेदन द्यायचं आणि पोच घ्यायची.

राज्यघटनेनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्या तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांना. महाराष्ट्रानं २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. म्हणजे देवळ्याएवढ्या गावात शेजाऱ्यांनी आपली बैठक आपणच बसवायची.

त्यासाठी अख्खा प्रभाग गोळा करायची गरज नाही. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी एका गल्लीचा कचरा हाती घेतला आणि त्यातून महापालिकेची गल्ली-समित्यांची योजना उभी राहिली. नोंदणीचीही घाई नको. १८६०च्या कायद्यानं संस्थेला सात जण पुरतात, पण बरेचदा संस्था होते सात जणांची आणि बाकीची गल्ली प्रेक्षक. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर गल्लीचा नकाशा काढावा. विजेची डीपी कुठे, मोरी कुठे तुंबते, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, कांद्याचा ट्रॅक्टर वळताना कुणाचा ओटा घासतो. हे काढताना बायका हव्यातच. नळाला पाणी किती वाजता येतं आणि कितीला जातं, हे पुरुषांपेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असतं. भाडेकरूही हवेत. इथल्या यादीत त्यांचं मत नसेल, पण गटार तीच वापरतात ना?

बैठकीत निर्णय कसा घ्यावा, याबाबत गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिथे अभ्यासगट वेगळा. तो विषय खोदून समजून घेतो, निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. बहुमत करून मोकळं होणं सोपं, पण हरलेली चार घरं उद्या शेजारीच राहणार असतात.

आणि वेळ. लोक निवेदन घेऊन जातात मे महिन्यात, गटार तुंबायची भीती वाटली की. नगरपंचायतीचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू झालेलं असतं, पैसा कुठे जायचा ते त्याआधीच ठरलेलं. मागणी पोचायला हवी डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमकी तेव्हाच इथे उन्हाळ कांद्याची लागवड! दिवसभर माणूस शेतात. म्हणून बैठक रात्री जेवणानंतर घ्यावी, तासाभराची, एकाच विषयाची. वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: काय ठरलं आणि कुणी करायचं.

पुढे केव्हा विकास आराखड्याची वेळ आली, तर ही वही आणि तो नकाशा तयार असेल. कोणती जागा शाळेला, कोणती बाजाराला, रस्ता किती रुंद, हे आराखडा वर्षानुवर्षांसाठी ठरवतो. त्यावर हरकती-सूचना देता येतात आणि त्या नेहमीच वाया जातात असं नाही. मुंबईच्या आराखड्यावर एवढ्या हरकती आल्या की २०१५ मध्ये सरकारला तो रद्द करून पुन्हा करायला सांगावं लागलं. पण मुदतीची नोटीस छापून येते वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक टायपात. ती रोज सकाळी पाहायचं काम एकाच्या गळ्यात घालून ठेवावं. गल्लीत निवृत्त गुरुजी असतील तर उत्तम. पेपर ते तसाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.